मालकी, ताबा आणि एकेकाळचा जोडीदार

विवाह न करता एकत्र राहणाऱ्या दोघांपैकी एकाच्याच नावावर घर असते, संबंध संपतात आणि दुसरी व्यक्ती मात्र घर सोडण्यास तयार नसते, अशा वेळी मालकापुढे कोणते कायदेशीर मार्ग असतात, हा पुढील संवादाचा विषय आहे. विधिज्ञ मुंबईतील दिवाणी कामकाजाचे जाणकार आहेत. जिज्ञासूंना कायद्याचे औपचारिक शिक्षण नाही, पण प्रश्न धसास लावण्याची सवय आहे.

जिज्ञासू : खरेदीचा करारनामा, इंडेक्स टू, सोसायटीचे भागप्रमाणपत्र आणि मालमत्ता कराची पावती हे सारे एकाच व्यक्तीच्या नावावर असेल आणि तिने दाराचे कुलूप बदलून माजी जोडीदाराला बाहेर ठेवले, तर कायद्याने त्याला हरकत का घ्यावी?

विधिज्ञ : हरकत घेतली जाते, कारण मालकी आणि ताबा या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या मानल्या आहेत. मालकी म्हणजे वस्तूवरील हक्क आणि ताबा म्हणजे तिच्यावरील प्रत्यक्ष नियंत्रण. 1963 च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम 6 नुसार, संमतीवाचून आणि कायद्याची प्रक्रिया न करता ज्याचा स्थावर मालमत्तेवरील ताबा काढून घेतला गेला, त्याला सहा महिन्यांच्या आत दावा लावून तो परत मागता येतो, आणि त्या दाव्यात घर कोणाचे आहे, हा प्रश्न गैरलागू ठरतो. त्या निकालावर अपील नाही. मालकाला मालकीच्या आधारे स्वतंत्र दावा लावावा लागतो. ज्याने घाईने कुलूप बदलले, तो अशा रीतीने आपल्याच घराच्या प्रकरणात प्रतिवादी होऊन बसतो.

जिज्ञासू : मग प्रेमापोटी घरात घेतलेल्या कोणालाही हे कलम ढालीसारखे वापरता येईल.

विधिज्ञ : तसे होऊ नये, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये गोव्यातील एका प्रकरणात घेतली, जे सिक्वेरा खटला म्हणून ओळखले जाते. घर बहिणीचे होते आणि भाऊ त्यात राहत होता; त्याचा कलम 6 खालील दावा खालच्या न्यायालयांनी मान्य केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. मित्र, नातेवाईक, राखणदार किंवा नोकर म्हणून मोबदल्याविना राहू दिलेल्या व्यक्तीला कितीही वर्षे राहिल्यामुळे त्या घरात हक्क निर्माण होत नाही, असे तत्त्व त्या निकालाने मांडले. पण त्यातून मालकाने बळ वापरावे, असा अर्थ काढणे चुकीचे आहे, कारण दोन्ही पक्षांचे म्हणणे न्यायालयाने ऐकून निर्णय देणे म्हणजेच कायद्याची प्रक्रिया, हेही त्याच निकालात सांगितले आहे. दावा टिकेल की नाही, याचा अंदाज घेत कुलूप तोडणाऱ्याने हा निकाल नीट वाचलेला नसतो.

जिज्ञासू : सोबत राहणाऱ्या जोडीदाराचे कायद्याच्या भाषेत स्थान तरी काय?

विधिज्ञ : सामान्यतः परवानाधारकाचे. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम 52 नुसार, एरवी जे कृत्य बेकायदा ठरले असते ते दुसऱ्याच्या जागेत करण्याची मुभा, पण जागेत कोणताही हितसंबंध न देता दिलेली मुभा, म्हणजे परवाना. कलम 60 प्रमाणे मालक तो मागे घेऊ शकतो. अपवाद असा की परवान्याच्या भरवशावर दुसऱ्याने स्वतःच्या खर्चाने कायम स्वरूपाचे पक्के काम केले असेल, तर तो मागे घेता येत नाही. आणि कलम 63 कडे लोक दुर्लक्ष करतात: परवाना संपल्यावर बाहेर पडण्यासाठी व सामान हलवण्यासाठी वाजवी मुदत द्यावी लागते. म्हणून पहिली पायरी म्हणजे टपालाने पाठवलेली लेखी नोटीस, जिच्यात परवानगी केव्हा व कोणत्या नात्याने दिली, ती आता मागे घेतली आहे आणि अमुक तारखेपर्यंत घर रिकामे करावे, हे स्पष्ट लिहिलेले असते.

जिज्ञासू : मुदत उलटली तरी ती व्यक्ती हलली नाही, तर पोलीस काही करतात का?

विधिज्ञ : मारहाण किंवा धमकी असेल तर अवश्य, केवळ घर रिकामे करून देणे हे पोलिसांचे काम नाही, आणि ठाण्यात हे प्रकरण दिवाणी आहे, असे सांगितले जाते, ते बरोबरच आहे. दावा कोठे लावायचा, हा त्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न आहे. मुंबईत परवाना देणारा आणि घेणारा यांच्यातील ताब्याचे दावे, जागेची किंमत कितीही असो, 1882 च्या प्रेसिडेन्सी स्मॉल कॉज कोर्ट्स ॲक्टच्या कलम 41 नुसार लघुवाद न्यायालयातच चालतात. भाडे किंवा शुल्क न घेता राहू दिलेला माणूस त्या कलमातील परवानाधारक ठरतो की नाही, यावर दीर्घ काळ मतभेद होते. 2013 मध्ये कोटेचा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो ठरतो, असे सांगून वाद मिटवला. तोवर किती तरी पक्षकारांनी चुकीच्या न्यायालयात वर्षे घालवली, ही या कायद्याच्या इतिहासातील दुःखाची बाब आहे.

जिज्ञासू : लीव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार असलेल्यांना याहून जवळचा रस्ता असतो, असे ऐकिवात आहे.

विधिज्ञ : आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 24 खाली मुदत संपताच सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. पण प्रेमात पडलेली माणसे एकमेकांशी तसा करार करीत नाहीत, त्यामुळे हा रस्ता त्यांना बहुधा बंदच असतो.

जिज्ञासू : आतापर्यंत मालक पुरुष की स्त्री, याचा उल्लेखच आला नाही. त्याने फरक पडतो का?

विधिज्ञ : फार मोठा फरक पडतो, आणि या विषयाचे मर्म तेथेच आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 हा कायदा विवाहित स्त्रीबरोबरच विवाहसदृश संबंधात राहिलेल्या स्त्रीलाही संरक्षण देतो. कलम 17 नुसार जेथे ती जोडीदारासह राहिली त्या सामायिक घरात राहण्याचा तिला हक्क आहे, मग मालकीत तिचा कणभरही वाटा नसो, आणि कायद्याच्या प्रक्रियेविना तिला तेथून काढता येत नाही. घराचा वापर अडवणे हे या कायद्यात आर्थिक छळाचे एक रूप मानले आहे, म्हणून स्त्री आत असताना वीज-पाणी तोडणारा किंवा ती बाहेर गेली असता कुलूप घालणारा पुरुष तिच्या तक्रारीला आपणच पुरावा पुरवतो.

जिज्ञासू : प्रत्येक सहवास विवाहसदृश ठरतो का?

विधिज्ञ : नाही. 2010 च्या वेलुसामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटी घातल्या: दोघांनी समाजात पती-पत्नीप्रमाणे वावरलेले असावे, दोघेही विवाहाच्या वयाचे व अन्यथा विवाहास पात्र, म्हणजे अविवाहितही, असावेत, आणि स्वेच्छेने बऱ्याच काळ एकत्र राहिलेले असावेत. 2013 च्या इंद्रा सरमा खटल्यात सहवासाचा कालावधी, एकत्रित आर्थिक व्यवहार, घरकामाची व्यवस्था, मुले आणि दोघांचा हेतू अशा कसोट्या आल्या. त्या प्रकरणातील स्त्री मात्र पुरुष विवाहित आहे, हे ठाऊक असूनही वर्षानुवर्षे त्याच्याबरोबर राहिली होती, म्हणून तिला संरक्षण मिळाले नाही. अशा स्त्रियांसाठी संसदेने विचार करावा, असे न्यायालयानेच म्हटले, तरी 2005 च्या कायद्यात तशी दुरुस्ती झालेली नाही. संसदेचे हे मौन अन्यायकारक आहे.

जिज्ञासू : म्हणजे विवाहसदृश संबंध सिद्ध झाला, तर पुरुष मालकाला घर कायमचे गमवावे लागते?

विधिज्ञ : तसेही नाही. राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. 2020 च्या आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सामायिक घराची व्याख्या रुंदावली आणि सासऱ्याच्या मालकीचे घरही त्यात येऊ शकते असे ठरवले; पण हा हक्क अबाधित नाही, आणि मालकाचा दिवाणी दावा हीच कायद्याची प्रक्रिया असल्यामुळे तो लावता येतो, हेही सांगितले. दंडाधिकारी 2005 च्या कायद्याच्या कलम 19 खाली त्याच दर्जाची पर्यायी जागा किंवा तिचे भाडे देण्यास पुरुषाला सांगू शकतात, आणि समंजस मालक अशी व्यवस्था स्वतःहून पुढे ठेवून वाद आटोपता घेतो.

जिज्ञासू : आणि घर स्त्रीचे असून पुरुष हलत नसेल तर?

विधिज्ञ : त्याला या कायद्याचे संरक्षण नाही, कारण पीडित व्यक्ती स्त्रीच असू शकते. उलट, त्याने छळ केला असेल, तर कलम 19 खाली त्यालाच घराबाहेर जाण्याचा आदेश ती मागू शकते. असा आदेश कोणत्याही स्त्रीविरुद्ध देता येत नाही. पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत ठेवावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा म्हणतो, आणि अंतरिम आदेशाची तरतूदही आहे. या मार्गाची माहिती नसल्यामुळे स्वतःच्या कमाईच्या घरात भीतीने राहणाऱ्या स्त्रियांपर्यंत ती पोहोचणे अत्यंत गरजेचे आहे. छळ नसेल, तर तिलाही नोटीस व दिवाणी दावा हाच क्रम.

जिज्ञासू : माजी जोडीदाराने गृहकर्जाचे काही हप्ते भरले असल्यास?

विधिज्ञ : करारनाम्यात नाव असेल तर तो सहमालक, आणि सहमालकाला घालवता येत नाही; तेथे वाटपाचा दावा लागतो. नाव नसेल, तर 1988 च्या बेनामी व्यवहार प्रतिबंधक कायद्याचे कलम 4 दुसऱ्याच्या नावावरील घर वस्तुतः आपले आहे, असा दावा लावू देत नाही. जोडीदाराच्या नावे केलेल्या खरेदीला असलेली सूट विवाहित पती-पत्नींपुरती आहे. दिलेले पैसे परत मागण्याचा प्रश्न वेगळा, आणि तो पुराव्यावर ठरतो.

जिज्ञासू : निकाल मालकाच्या बाजूने लागला की घर मोकळे होते?

विधिज्ञ : आपोआप होत नाही. प्रतिवादीने मालकी आणि परवानगी मान्य केली असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 12, नियम 6 नुसार त्या कबुलीवरच लवकर निकाल मागता येतो. एरवी साक्षीपुरावा होतो. परवाना संपल्यानंतरच्या काळातील वापराची भरपाईही दाव्यात मागावी. हुकूमनामा मिळाल्यावरही घर रिकामे झाले नाही, तर दरखास्त दाखल करावी लागते, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, आणि मग न्यायालयाचा बेलीफ, गरज पडल्यास पोलीस बंदोबस्तात, आतील सामानाची यादी पंचांसमक्ष करून ताबा मालकाच्या हाती देतो.