सॅम्पल अस्सल, लॉट नकली! इलेक्ट्रॉनिक पार्ट घेताना हे बघा

समजा, तुम्ही शेतपंपाचे टायमर बनवून विकता. नेहमीचा वितरक चिप १६० रुपयांना देतो, नवा सप्लायर म्हणतो ९० ला घ्या. सॅम्पल मागवलं, मस्त चाललं. मग ५०० ची ऑर्डर दिली, आणि गडबड इथेच होते. सॅम्पल अस्सल येतं, लॉट नकली.

वाचले किती? ३५ हजार. त्यातले ५० टायमर वॉरंटीत परत आले, जाणं-येणं आणि नवा बोर्ड मिळून प्रत्येकी ८०० धरा, तर ४० हजार गेले. डीलर तुटला तो वेगळाच.

मोठमोठे यात सापडलेत. एफटीडीआय कंपनीच्या एफटी२३२ या यूएसबी चिपच्या नकला जगभर पसरल्या होत्या. २०१४ मध्ये विंडोज अपडेटमधून कंपनीचा नवा ड्रायव्हर आला, त्याने नकली चिपचा ओळख क्रमांकच शून्य केला. चालू उपकरणं संगणकाला दिसेनाशी झाली. टीका झाल्यावर ड्रायव्हर मागे घेतला, पण ज्यांच्या मालात त्या चिप होत्या त्यांना ग्राहकाकडूनच कळलं असणार.

म्हणून सॅम्पल नाही, आलेला लॉट तपासा. वेगवेगळ्या ठिकाणचे दहा नग काढा. भिंगातून अक्षरं बघा. तारखेचा कोड बहुतेकदा चार आकडी असतो. २३१८ म्हणजे २०२३ चा अठरावा आठवडा. एकाच रीळमध्ये चार तऱ्हेचे कोड दिसले तर थांबा. कापसावर अ‍ॅसिटोन घेऊन चिप पुसा. छापील अक्षरं अस्सल चिपचीही जाऊ शकतात, पण कापूस काळा झाला तर वर रंग मारलाय समजा. १८६५० सेलवर ९९०० एमएएच लिहिलं असेल तर तपासायचीही गरज नाही, त्या आकारात चांगला सेल साधारण ३५०० देतो.

सप्लायर कंपनीचा अधिकृत वितरक आहे का, हे कंपनीच्याच वेबसाइटवर बघा, त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर नाही. जीएसटी बिल आहे म्हणजे माल अस्सल, असंही नाही हं! लॅमिंग्टन रोड किंवा तपकीर गल्लीतून अडीनडीला घ्यावंच लागतं, तिथे प्रामाणिक दुकानदारही भरपूर आहेत. पण कधी कधी त्यांनाही माहीत नसतं.

ऑर्डरवर पूर्ण पार्ट नंबर लिहा, शेवटच्या अक्षरांसकट. निम्मे पैसे तपासणीनंतर देण्याचं आधीच ठरवा. नाही म्हणाला तर दुसरा बघा.

आणि वहीत नोंद ठेवा, कुठला लॉट कुठल्या सिरीयल नंबरांत गेला. नाहीतर दहा टायमर बिघडल्यावर पाचशेच्या पाचशे परत बोलवावे लागतील.