जठरकलेतील अमोनियाची रंगपरीक्षा : अर्थ व मर्यादा

अम्लपित्त व परिणामशूल हे आपल्या नित्य चिकित्सेतील व्याधी. माधवनिदानात परिणामशूल व अन्नद्रवशूल यांचे वर्णन आले आहे, हे वैद्यबंधू जाणतातच. समजा, झरी जामणी किंवा उमरखेड तालुक्यातील जठरशूलाचा एखादा रुग्ण यवतमाळला एन्डोस्कोपी करून अहवाल घेऊन आपल्याकडे आला. अहवालात ‘यूरिएज टेस्ट निगेटिव्ह’ अशी नोंद आहे. या नोंदीवर कितपत विसंबावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत.

परीक्षेचे तत्त्व

ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल यांनी रॉबिन वॉरेन यांच्यासमवेत 1982 मध्ये जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखविला. या संशोधनास 2005 चे नोबेल पारितोषिक लाभले. हा जंतू जठरातील तीव्र आम्लात टिकतो तो यूरिएज नावाच्या विकराच्या बळावर. हे विकर युरियाचे विघटन करून अमोनिया निर्माण करते व क्षारधर्मी अमोनिया जंतूभोवतीचे आम्ल शमवितो.

याच गुणाचा उपयोग निदानासाठी होतो. जठरकलेचा लहान तुकडा युरिया व फिनॉल रेड असलेल्या माध्यमात ठेवतात. अमोनिया निर्माण झाल्यास सामू वाढतो व पिवळे माध्यम गुलाबी-लाल होते. प्रकाशीय संवेदकातही रंजकाचा असाच बदल प्रकाशाच्या शोषणावरून मोजला जातो. अमोनिया-इलेक्ट्रोडमध्ये वायू पातळ पटलातून आत शिरून तेथील द्रावणाचा सामू बदलतो. साधने भिन्न असली तरी तत्त्व एकच आहे.

मर्यादा

ही परीक्षा जंतू पाहत नाही, त्याने निर्माण केलेला अमोनिया पाहते. म्हणून जंतूंची संख्या कमी झाली की तो असूनही रंग बदलत नाही. यासंबंधी पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात :

1. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल आदी औषधे परीक्षेपूर्वी किमान 2 आठवडे, तर प्रतिजैविके व बिस्मथ किमान 4 आठवडे बंद असणे अपेक्षित असते.
2. नुकताच रक्तस्राव झाला असल्यास परीक्षा खोटी नकारार्थी येऊ शकते.
3. जंतू जठरात सर्वत्र सारखा पसरलेला नसतो. म्हणून एकाहून अधिक ठिकाणचे तुकडे घेणे हितावह.
4. 24 तासांनंतर दिसलेला रंग विश्वसनीय मानू नये; इतर जंतूही यूरिएज निर्माण करतात.
5. परीक्षा नकारार्थी आली म्हणून व्रण नाही असे होत नाही. वेदनाशामक गोळ्यांनीही व्रण होतात.

आपले कर्तव्य

आपल्या चूर्ण-वटींसोबत रुग्ण दुकानातून आम्लरोधक गोळ्या घेत असतो व ते सांगत नाही. वैद्यांनी हा प्रश्न आवर्जून विचारावा व उत्तर संदर्भपत्रात लिहावे. औषधविक्रेत्यांनी एन्डोस्कोपीस निघालेल्या रुग्णास आपल्या गोळ्यांची माहिती तेथील डॉक्टरांना देण्यास सांगावे. औषध परस्पर बंद करण्याचा सल्ला मात्र देऊ नये. ज्याला पूर्वी रक्तस्राव झाला आहे, त्याच्या जिवावर ते बेतू शकते.

काळे मल, रक्ताची उलटी, गिळताना अडथळा, अकारण कृशता किंवा पांडुता असेल तर अहवाल काहीही असो, रुग्णास विलंब न करता रुग्णालयात पाठवावे. रंग न बदललेला तुकडा हा निदानाचा शेवट नव्हे, एवढे आपण जाणले तरी अनेक रुग्णांचा व्रण वेळीच ओळखला जाईल.