बाळाची जागा मांडीवर नाही

प्रश्न : आमचा मुलगा दीड वर्षाचा आहे. पुण्याहून साताऱ्याला आम्ही नेहमी कारने जातो. चाइल्ड सीटमध्ये बसवलं की तो रडून गोंधळ घालतो. सासूबाई म्हणतात, मांडीवर घे. मागच्या सीटवर घट्ट धरून बसलं तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी धडकून थांबते, तेव्हा १० किलोच्या बाळाला धरून ठेवायला क्षणभर जवळपास ३०० किलो पेलण्याइतकी ताकद लागते. एवढी कुणाच्याच हातांत नसते. आई आणि बाळ मिळून एकच पट्टा लावणं तर त्याहून वाईट. आईचा सगळा भार बाळावर येतो.

तुमच्या मुलाची सीट अजून उलटीच, म्हणजे त्याचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशी लावा. या वयात डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. समोरून धडक बसली तर उलट्या सीटची पाठ डोकं, मान आणि कणा एकत्र सावरते. सीटवर छापलेली वजन-उंचीची मर्यादा गाठेपर्यंत ती तशीच राहू द्या. पाय दुमडले तरी हरकत नाही. मात्र एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर उलटी सीट कधीही लावू नका. उलटी सीट लहान पडली की पट्ट्यांची सरळ सीट, मग बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी बैठक. साधारण १४५ सेंटिमीटर उंची झाली, पट्टा पोटाऐवजी मांड्यांच्या वर कमरेच्या हाडावर आणि गळ्याऐवजी खांद्यावर बसू लागला, की बूस्टर सुटला.

निघताना दोन गोष्टी तपासा. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता येत असेल, तर तो सैल आहे. आणि सीट हलवून पाहा. बांधलेल्या ठिकाणी ती इंचभरापेक्षा जास्त सरकता कामा नये.

रडण्याचं म्हणाल, तर त्याच्या झोपेच्या वेळेला निघा. शिरवळला थांबा, त्याला मोकळं खेळू द्या, काय भरवायचं ते तिथेच भरवा. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातानाही सीट वापरली की सवय लवकर लागते. चालत्या गाडीत मात्र त्याला एकदाही सीटमधून बाहेर काढू नका. एकदा काढलंत, तर ‘रडलं की सुटका होते’ हे त्याला कळतं.

मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर १००० रुपये दंड आहे. सासूबाईंनाही मागे पट्टा लावायला सांगा. धडकेत मोकळा बसलेला मोठा माणूस शेजारच्या बाळावरच आपटतो.