आधी तिथली मसूर, मग आपली आमटी

पोरी, सप्टेंबरअखेर तू श्टुटगार्टला चाललीस, होहेनहाइम विद्यापीठात शेतीशास्त्र शिकायला. बॅगेत काय काय भरायचं त्याची यादी तुझ्या आईने केलीच आहे. मी जे सांगणार आहे त्याला बॅगेत जागा लागत नाही. त्या शहरात मी संसार केला, मुलं वाढवली, शिकायला आलेली आपली कितीतरी पोरं जेवू घातली. त्यातून एक गोष्ट मनाशी पक्की झाली. परमुलखात घरून नेलेल्या डब्यांवर फार दिवस निभत नाही. तिथल्या मातीत काय पिकतं, ते कोण कसं शिजवतं, हे ज्याला कळलं त्याचंच तिथे बस्तान बसतं. जी मुलं वर्षभर खोलीत बसून पाकिटातल्या नूडल्सवर राहिली, ती घराच्या चवीलाही मुकली आणि गावालाही. म्हणून आधी तिथलं खायला शिक. आपलं आपोआप सापडेल.

बॅग भरताना

युरोपीय संघाच्या बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा, पनीर घरीच ठेव. विमानतळावर सापडलं तर काढून घेतात, वर दंडही होऊ शकतो. ताजी फळं, भाज्या, ओला कढीपत्ता यांनाही रोपांच्या आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. नारळ, केळी, अननस, खजूर यांना त्यातून सूट आहे, पण त्यासाठी वजन खर्ची घालू नकोस.

न्यायचं ते जे तिथे मिळतच नाही ते. आपल्या घरचा गोडा मसाला, आमसूल, मेतकूट. डाळी, तांदूळ, जिरं, हळद यांनी बॅग भरू नकोस; ते सगळं तिथे मिळतं.

सामाईक स्वयंपाकघर

वसतिगृहात किंवा वाटून घेतलेल्या घरात स्वयंपाकघर एकच असतं, आणि शेगडी बहुधा सपाट काचेची. गोल बुडाची कढई तिच्यावर टेकत नाही. सपाट बुडाचं जड पातेलं घे. ही काच हळू तापते आणि बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. म्हणून फोडणीत मोहरी तडतडली की नुसतं बटण बंद करून भागत नाही, भांडंच बाजूला सरकव. नाहीतर हिंग-हळद करपलीच म्हणून समज.

फोडणी घालताना वरचा धूर ओढणारा पंखा लाव, झाकण हाताशी ठेव. धूर झालाच तर खिडकी उघड. बोळाकडचं दार मात्र उघडू नकोस. धूर बोळात गेला की तिथली आगीची घंटा वाजते. कित्येक वसतिगृहांत ती थेट अग्निशमन दलाशी जोडलेली असते, आणि बंब उगाच आला तर त्याचं बिल तुझ्या हातात येऊ शकतं. रात्री दहानंतर आणि रविवारी मिक्सर लावू नकोस. त्या वेळा तिथे शांततेच्या मानतात, आणि शेजारी त्या मनापासून पाळतात.

तूप, पोळी, श्रीखंड

तूप नेता येत नाही म्हणून अडून बसू नकोस. तिथलं लोणी उत्तम असतं, त्यात 82 टक्के स्निग्धांश असतो. मात्र पाकीट उलटून वाच: 'झाउअररामबुटर' असं लिहिलेलं घे. ते विरजलेल्या सायीचं असतं, त्यामुळे त्याचं तूप घरच्या लोणकढ्या तुपाच्या जवळ जातं. 250 ग्रॅमच्या पाकिटातून 200 ग्रॅमच्या आसपास तूप निघतं. मंद आचेवर ठेव, बेरी तांबूस झाली की लगेच गाळ.

पिठाच्या पुड्यावर आकडा असतो. 405 म्हणजे आपला मैदा. हा आकडा 100 ग्रॅम पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख, म्हणजे खनिजं, उरतात ते सांगतो. आकडा मोठा, तितका कोंडा जास्त. 1050 चं गव्हाचं पीठ आणि अख्ख्या गव्हाचं 'फोलकोर्न' पीठ निम्मं निम्मं घे, कोमट पाण्यात मळ आणि अर्धा तास झाकून ठेव. पोळी मऊ होते.

आणि क्वार्क. दह्यासारखं ताजं, घट्ट, सौम्य आंबट. प्रत्येक दुकानात 250 आणि 500 ग्रॅमच्या डब्यांत असतं. त्यातलं 40 टक्के लिहिलेलं आणून पातळ फडक्यात रात्रभर टांग. सकाळी चक्का तयार. पिठीसाखर, वेलदोडा, केशर घातलं की पाडव्याला अडत नाही. तिथली माणसं हेच क्वार्क उकडलेल्या बटाट्याबरोबर खातात, मीठ आणि बारीक चिरलेली कांद्याची पात घालून. तेही करून बघ. दमून आल्यावर दुसरं काही नको वाटतं.

शनिवारीच बाजार उरक

रविवारी दुकानं बंद. तिथल्या राज्यघटनेनेच रविवारची विश्रांती राखून ठेवली आहे. स्टेशनातली काही दुकानं आणि सकाळी थोडा वेळ बेकऱ्या, एवढंच उघडं. शनिवारी संध्याकाळपर्यंत दूध, पाव, भाजी घरात हवीच.

पाणी विकत घेऊ नकोस. नळाचं पाणी बेलाशक पी. श्टुटगार्टला ते बरंचसं बोडेनझे सरोवरातून येतं. बाटली घेतलीसच तर फेकू नकोस. तिच्यावर अनामत असते, तिला 'प्फांट' म्हणतात: एकदाच वापरायच्या बाटलीवर आणि डब्यावर 25 सेंट, बिअरच्या काचेच्या बाटलीवर बहुधा 8, पुन्हा भरायच्या इतर बहुतेक बाटल्यांवर 15. दुकानातल्या यंत्रात बाटली घातली की पावती मिळते, ती बिलातून वजा होते.

विचारून खा

शाकाहार पाळायचा असेल तर 'मांस आहे का' एवढं विचारून भागत नाही. बटाट्याच्या सॅलडमध्ये, कोबीत, कांद्याच्या खाऱ्या केकमध्ये डुकराच्या चरबीचे बारीक तुकडे घालतात, त्याला श्पेक म्हणतात. काही जण ते मांसात धरतच नाहीत. सूप हाडांच्या पाण्यात केलेलं असतं, काही मिठायांत आणि पुडिंगमध्ये जिलेटिन असतं. 'इस्ट दा श्पेक ड्रिन?' हे वाक्य पाठच कर. विचारायला लाजू नकोस, तिथे कुणी वाईट वाटून घेत नाही. ज्या 14 घटकांची ॲलर्जी होऊ शकते ते सुट्या अन्नाबाबतही सांगणं युरोपात डिसेंबर 2014 पासून बंधनकारक आहे. विद्यापीठाच्या खानावळीत, म्हणजे मेन्झात, प्रत्येक पदार्थापुढे त्यासाठी खुणा असतात. पहिल्या दिवशीच त्या समजून घे.

मेन्झात रोज जा. सवलतीत गरम जेवण मिळतं, ओळखी होतात आणि भाषा कानावर पडते. ताट घेऊन एकटी कोपऱ्यात बसू नकोस; 'इथे जागा आहे का' असं विचारून भरलेल्या टेबलाला बस.

मसुरीची गोष्ट

त्या मुलखाचं खरं घरगुती जेवण म्हणजे मसूर आणि श्पेट्स्ले, म्हणजे पिठाच्या उकडलेल्या पट्ट्या. शहराच्या दक्षिणेला श्वाबिश आल्ब नावाचं चुनखडीचं पठार आहे. जमीन हलकी, दगडाळ, तिथे मसूरच तग धरायची. तिची वेल नाजूक, म्हणून आधाराला शेतात बार्ली किंवा ओट पेरायचे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे पीक तिथून नाहीसं झालं. 1985 मध्ये एका शेतकरी कुटुंबाने पुन्हा पेरणी केली, पण ती परक्या वाणाची. जुने वाण संपले असंच सगळे समजत होते. 2006 मध्ये ते रशियात सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बियाण्यांच्या संग्रहात सापडले. तिथून मूठभर बी आलं, वाढवलं गेलं, आणि आज ती मसूर पुन्हा बाजारात आहे. तू बियाण्यांचं शास्त्र शिकणार, तेव्हा ही मसूर एकदा तरी विकत घे. महाग आहे, तरी घे.

करायची रीत अशी: लोण्यावर कांदा, गाजर, सेलरीचा कंद परत, चमचाभर मैदा तांबूस भाज, मसूर, तमालपत्र, पाणी घालून शिजव. व्हिनेगर घालायचं ते अगदी शेवटी, मसूर मऊ झाल्यावर, कारण आंबट आधी पडलं तर ती शिजत नाही. आपण आमटीत आमसूल डाळ शिजल्यावर टाकतो ते याच कारणाने. श्पेट्स्लेचं पीठ मैदा, अंडी, मीठ आणि पाणी यांचं, सैल आणि चिकट. ओल्या फळीवर ते पसरून सुरीने बारीक पट्ट्या उकळत्या पाण्यात सोडतात. तरंगल्या की झाऱ्याने काढायच्या. बाहेर खाल्लंस तर बरोबर सॉसेज येतं, मसुरीतही श्पेक असू शकतो, आधी विचार.

ऋतू पाळ

मार्च-एप्रिलमध्ये बेअरलाउख येतो, लसणाच्या वासाची रानपालेभाजी. पिठल्यात आणि थालीपिठात फार छान लागते. पण रानातून स्वतः तोडू नकोस. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या पानांच्या विषारी वनस्पती तिथेच उगवतात. बाजारातूनच घे. एप्रिलच्या मध्यापासून पांढरा श्पार्गेल, म्हणजे ॲस्परॅगस. मातीखाली झाकून वाढवतात म्हणून पांढरा. 24 जूनला, सेंट जॉनच्या दिवशी, त्याची काढणी थांबते, म्हणजे रोपाला पुढच्या वर्षासाठी बळ धरता येतं. उन्हाळा सरताना निळ्या आलुबुखाराचा केक. ऑक्टोबरात तुझ्या विद्यापीठाभोवतीच्या फिल्डर पठारावर टोकदार कोबी निघतो. आपल्या पचडीला तो गोल कोबीपेक्षा सरस, कारण पान पातळ आणि गोड असतं.

आणि जाशील तेव्हा श्टुटगार्टच्या कानश्टाट भागातली जत्रा भरलेली असेल. बहुतेक मुलं बिअरच्या मांडवात जाऊन येतात. तू मैदानातला फळा-धान्यांनी सजवलेला उंच खांब बघ. 1815 मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याची राख आभाळभर पसरली आणि 1816 चा उन्हाळा युरोपात आलाच नाही. श्टुटगार्ट तेव्हा ज्या राज्यात होतं त्या व्युर्टेम्बर्गमध्ये पिकं बुडाली, माणसं उपाशी मेली. त्यातून सावरताना तिथला राजा पहिला विल्हेल्म याने 1818 मध्ये ही शेतकऱ्यांची जत्रा सुरू केली, आणि त्याच वर्षी होहेनहाइमला शेतीची शाळा काढली. तीच आज तुझं विद्यापीठ आहे. तुझी शाळा दुष्काळातून उभी राहिली, हे लक्षात ठेव. ताटात टाकू नकोस आणि टाकून देणाऱ्यांत बसू नकोस.

तुर्की दुकान

1961 मध्ये जर्मनीने तुर्कस्तानाशी कामगारांचा करार केला. तेव्हा आलेल्या माणसांनी त्या देशाला नुसता ड्योनर कबाब दिला नाही, कोथिंबिरीच्या आणि पुदिन्याच्या जुड्या, छोले, किलोकिलोने घट्ट दहीही दिलं. आयरान म्हणजे खारं ताक. उन्हाळ्यात रोज पी. दुकानदाराशी बोल, नाव विचार. परक्या देशात पाय कसे रोवायचे, हे त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे.

ताटावर माणसं हवीत

कुणी जेवायला बोलावलं तर सांगितलेल्या वेळेलाच पोच, आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस. सगळ्यांना वाढून होईपर्यंत थांब. तुझा वाढदिवस असेल तर केक तूच न्यायचा. तिथली रीत तशी आहे. रविवारी दुपारी कॉफी आणि केकला कुणी बोलावलं तर अभ्यासाचं निमित्त सांगू नकोस, आवर्जून जा. तिथली माणसं सावकाश उघडतात, पण घरात घेतलं की कायमचं घेतात.

तूही बोलाव. कुणाला कशाची ॲलर्जी आहे ते आधी विचार, तिखट बेताचं ठेव, शेंगदाण्याचं कूट घातलं असेल तर ते सांगूनच वाढ.

पहिल्याच आठवड्यात

तीन कामं कर. मेन्झाचं कार्ड काढ. शनिवारच्या आठवडी बाजारात जाऊन ऋतूतली एक अनोळखी भाजी घे, आणि ती कशी करायची हे विकणाऱ्या बाईलाच विचार. मग घरातल्या सोबत्यांपैकी कुणाला तरी श्पेट्स्ले शिकवायला सांग, आणि त्याच रात्री त्याच मसुरीची गोडा मसाला घातलेली आमटी करून त्यांना वाढ. शिकलीस आणि शिकवलंस, की ते स्वयंपाकघर तुझं झालं.