परतीची वाट मोकळी असावी

वाचनासाठी : नहेम्या २:१-१८, ५:१-१३, ११:१-२



नाताळच्या मिस्सेला मागच्या बाकांवर दिसणारी आपली तरुण मुले नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा पुण्या-मुंबईच्या गाडीत बसलेली असतात. निघताना आई विचारते, “आता कायमचा कधी येणार?” मुलगा म्हणतो, “येऊन करू काय?” आईच्या प्रश्नात माया आहे, पण मुलाचा प्रश्नही खरा आहे. आज त्याच प्रश्नावर आपण विचार करू.

परत येणे दोन प्रकारचे असते. एक नाइलाजाचे. ते आपण जालनेकरांनी जवळून पाहिले आहे. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली १६ मजूर मरण पावले. ते इथल्याच पोलाद कारखान्यात कामाला होते. टाळेबंदीत काम बंद पडले, म्हणून रुळांवरून चालत मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी निघाले होते आणि थकून तिथेच झोपले होते. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले, तेव्हा आपल्या सरकारने तिथून सुमारे २२,५०० भारतीयांना परत आणले. त्यांत बहुतेक विद्यार्थी होते. जीव वाचला, पण शिक्षण अर्धवट राहिले.

दुसरे परतणे स्वखुशीचे. आज युक्रेनचे लाखो लोक पोलंड, जर्मनी अशा देशांत आहेत. तिथे शिकणारी, कमावणारी तरुण पिढी आपल्या इच्छेने घरी कशी येईल, ही त्या देशाची मोठी चिंता आहे. आपली चिंता आकाराने लहान असली तरी जातीने तीच आहे.

नहेम्याने काय केले?

नहेम्या परदेशी राजाच्या दरबारात चांगल्या पदावर होता. यरुशलेमची दुर्दशा ऐकून तो रडला, पण नुसता रडत बसला नाही. त्याने राजाकडून रजा घेतली आणि लाकडासाठी पत्रही मागून घेतले. नगरात पोहोचल्यावर त्याने लगेच भाषण केले नाही. रात्री हिंडून पडका कोट आधी डोळ्यांनी पाहिला. मग याजक, सोनार, व्यापारी, सुगंधी द्रव्ये करणारे, अगदी एका अधिकाऱ्याच्या मुलीसुद्धा कोट बांधायला उभ्या राहिल्या. शेते गहाण पडलेल्या लोकांचे गाऱ्हाणे आले, तेव्हा त्याने सावकारांना ती शेते परत करायला लावली. नगरात वस्ती करण्याची गोष्ट त्यानंतर येते. तिथे चिठ्ठ्या टाकून माणसे निवडली गेली, पण जे आपखुशीने राहायला आले त्यांना लोकांनी आशीर्वाद दिला. हा क्रम आपण ध्यानात ठेवावा : आधी कोट, मग कर्जाची सोडवणूक, आणि नंतर वस्ती.

आपल्या मातीतील उदाहरणे

स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर १९४८ मध्ये भारतात आले आणि नगर जिल्ह्यात रमले. त्यांच्या प्रेरणेने इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला. त्यात जर्मनीची मदत होती, नाबार्ड बँक होती, सरकारी खाती होती, स्वयंसेवी संस्था होत्या आणि गावाची पाणलोट समिती होती. गावाने श्रमदान करायचे, झाडतोड व मोकाट चराई थांबवायची, ही अट होती. एकट्याने कोणीच काही करायचे नव्हते.

याच कार्यक्रमातून १९९६ पासून आपल्या जालना तालुक्यातील कडवंचीत खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने काम केले. बांधबंदिस्ती झाली, पुढे शेकडो शेततळी झाली आणि कोरडवाहू गाव द्राक्षांचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. नगर तालुक्यातील हिवरे बाजारात १९८९ नंतर पोपटराव पवार व ग्रामसभेने पाण्याचा हिशेब मांडला, उसासारख्या तहानलेल्या पिकांना आळा घातला. गाव सोडून गेलेली अनेक कुटुंबे तिथे परतली. त्यांना कोणी ओढून आणले नाही. विहिरीला पाणी आले, म्हणून ती आली.

आपण काय करावे?

२०२३ च्या स्थलांतरितांच्या जागतिक दिनी पोप फ्रान्सिस यांनी जाण्याचे किंवा राहण्याचे स्वातंत्र्य हाच विषय दिला होता. म्हणून बाहेर गेलेल्या मुलाला दोष देऊ नये. तो पाठवतो त्या पैशांवर इथली चूल पेटते आणि बहिणीचे शिक्षण होते. जो तिकडेच राहील तोही आपलाच आहे.

पण ज्याला यायचे आहे त्याच्यासाठी वाट मोकळी करणे आपल्या हाती आहे. जालन्यात पोलाद आणि बियाण्यांचे उद्योग आहेत, रेशीम कोषांची बाजारपेठ आहे, रसायन तंत्रज्ञान संस्थेची शाखा आहे. कारखानदार, बँक, शाळा, कृषी केंद्र आणि आपण एका चटईवर मात्र क्वचितच बसतो. येत्या सुट्टीत मुले घरी आली की त्यांना प्रथम बोलू द्यावे. कोणते काम येते, किती भांडवल लागेल, कशाची अडचण आहे, हे लिहून घ्यावे. मग तो कागद घेऊन वडीलधाऱ्यांनी त्या त्या दारी जावे. नहेम्याही राजाकडे नेमके मागणे घेऊनच गेला होता.

कुटुंबात चर्चेसाठी

१. आपल्या घरातून कोण बाहेर आहे? तो कशासाठी गेला, हे आपण त्याला कधी विचारले आहे का?

२. परत आलेल्या मुलाला आपण ‘तिकडे जमले नाही म्हणून आला’ असे म्हणतो का?

३. आपल्या ओळखीचा, हाताखाली एखाद्याला काम शिकवू शकेल असा कोण आहे?

या आठवड्यात घरच्या प्रार्थनेत दूर असलेल्या प्रत्येकाचे नाव घेऊ या. आणि प्रार्थना झाली की त्याला एक फोन करू या. ‘कधी येणार?’ हे विचारण्याआधी ‘कसा आहेस?’ हे विचारू या.