आधी काम, मग व्हिसा

तुळजापूर, कळंब किंवा उमरग्यातला मुलगा पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करू लागला की एक प्रश्न हमखास निघतो: इथून जमतं, तर परदेशात राहून का जमू नये? जमतं. त्यासाठी अनेक देशांनी ‘डिजिटल नोमॅड व्हिसा’ सुरू केला आहे. पण त्याबद्दलचे गैरसमज पालकांनी आणि मुलांनी आधीच दूर केलेले बरे.

या व्हिसावर तिथे नोकरी मिळत नाही. पगार बाहेरच्या देशातून येत राहतो आणि तुम्ही तो तिथे राहून खर्च करता, एवढीच मुभा असते. त्यामुळे ते देश सगळ्यात आधी विचारतात ते उत्पन्न.

कुठे, किती?

थायलंडने जुलै 2024 मध्ये ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ आणला. त्याची मुदत 5 वर्षं, एका खेपेचा मुक्काम 180 दिवस. अर्जदार किमान 20 वर्षांचा हवा आणि खात्यात 5 लाख बाट, म्हणजे साधारण 13-14 लाख रुपये दाखवावे लागतात. मलेशियाच्या ‘डीई रांताऊ’ योजनेत आयटीवाल्यांना वर्षाला 24,000 डॉलरची अट आहे, इतर क्षेत्रांतल्यांना 60,000. दुबई महिन्याला 3,500 डॉलर मागते. स्पेनची अट तिथल्या किमान वेतनाच्या दुपटीची, सोबत पदवी किंवा 3 वर्षांचा अनुभव, पोर्तुगालची चौपटीची. जपानने 2024 मध्ये असाच व्हिसा काढला, पण तो ठरावीक देशांच्या नागरिकांनाच मिळतो आणि त्या यादीत भारत नाही. तेव्हा आधी आपला पासपोर्ट चालतो का ते पाहा. रकमा बदलत असतात; ताजी अट त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावरच वाचा.

तीन-साडेतीन लाखांच्या पॅकेजवर लागलेल्या नव्या इंजिनिअरला यातलं काहीच परवडणारं नाही. हा बेत कॉलेज संपल्यावर लगेचचा नसून चार-पाच वर्षांच्या अनुभवानंतरचा आहे.

आपल्या जिल्ह्याची खास अडचण

सप्टेंबर 2023 मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं. आता जन्मदाखल्यावर आणि जुन्या पासपोर्टवर उस्मानाबाद, नव्या दाखल्यांवर धाराशिव. डिग्रीवर विद्यापीठाचं गाव औरंगाबाद, आजच्या पत्रांवर छत्रपती संभाजीनगर. परदेशातल्या अधिकाऱ्याला ही वेगवेगळी गावं वाटू शकतात. म्हणून नामांतराच्या राजपत्राची प्रत आणि तिचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर फाइलला जोडा. वडिलांचं नाव आणि आडनाव यांचं स्पेलिंग दहावीच्या सनदेपासून पासपोर्टपर्यंत एकच आहे ना, तेही तपासा.

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटसाठी पासपोर्ट सेवा पोर्टलवर अर्ज करता येतो. स्पेन-पोर्तुगालसारख्या देशांसाठी कागदपत्रांवर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल लागतं. या कामांना वेळ लागतो, तेव्हा विमानाचं तिकीट सगळ्यात शेवटी काढा.

नोकरी करणाऱ्याने कंपनीकडून लेखी पत्र घ्यावं. वर्क फ्रॉम होमची मुभा असली, तरी परदेशातून काम करण्याची परवानगी वेगळी लागते; डेटाची सुरक्षितता आणि कर या दोन कारणांनी अनेक कंपन्या ती नाकारतात. फ्रीलान्सरने करारपत्रं, बिलं, बँक स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्रं जपून ठेवावीत. भारतात वर्षातले 182 दिवस राहिलात की नाही, यावर इथली करदेयता बऱ्याच अंशी ठरते. थायलंडमध्येही वर्षात 180 दिवस झाले की तुम्ही करासाठी तिथले रहिवासी ठरता. म्हणून निघण्याआधी सीएला एकदा भेटा.

पालकांनी इथे थांबावं

‘थायलंडमध्ये डिजिटल मार्केटिंगची नोकरी, व्हिसा आमच्याकडे’ अशा जाहिरातींबद्दल परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर 2022 मध्येच इशारा दिला होता. अशा जाहिरातींना फसलेले तरुण म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेऊन डांबले गेले. मार्च 2025 मध्ये अशा 500 हून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. खऱ्या नोमॅड व्हिसात काम आधीपासून तुमच्याकडे असतं. नोकरी आणि व्हिसा एकाच हाताने देऊ करणारा एजंट भेटला, तर त्याचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर शोधा. सापडलं नाही, तर पैसे देऊ नका आणि पासपोर्टही त्याच्या हातात देऊ नका.

आत्ता काय करायचं?

तेरणा अभियांत्रिकीत शिकत असा किंवा बी.कॉम. करत असा, काम दाखवता येईल असं एक कौशल्य पक्कं करा: कोडिंग, डिझाइन, लेखापालन, भाषांतर. ग्राहकाला समजेल असं इंग्रजी ईमेल लिहायला शिका. पहिली छोटी कामं धाराशिवमध्ये बसूनच करा आणि पहिल्या कमाईपासून विवरणपत्र भरा. इथल्या खर्चात डॉलरची कमाई जास्त शिल्लक टाकते. व्हिसासाठी लागणारी रक्कम त्यातूनच उभी राहील. दोन वर्षं ग्राहक टिकले, तर परदेशी जाण्याचा विचार करायला पाया तयार झाला.

आणि पालकांनो, मुलाने हा विषय काढला तर रागावू नका, लगेच कर्जही काढू नका. त्याच्याकडे सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि काम देणाऱ्याचं पत्र मागा. दोन्ही असतील, तर देश कोणता ते एकत्र बसून ठरवा. नसतील, तर आधी ती दोन कागदपत्रं कशी मिळवायची ते ठरवा.