अंतर कोणासाठी?

मनुष्य केवळ जिभेने बोलत नाही. मध्ये किती जागा सोडून तो उभा राहतो, त्यावरूनही नाते कळते. एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांनी १९६६ सालच्या आपल्या ग्रंथात ही जागा मोजून दाखविली. त्यांच्या देशात दीड फुटाच्या आत जिवलग, चार फुटांपर्यंत स्नेही, बारा फुटांपर्यंत कामापुरता माणूस, आणि त्यापलीकडे सभा. समाजासमाजाची मापे निराळी असतात, हेही त्यांनीच सांगितले.

आता आपल्या वारीकडे पाहू. दिंडीत दोन टाळकऱ्यांमध्ये टाळ मोकळा वाजेल एवढी जागा लागते. नाहीतर हाताला हात लागून ठेका मोडतो. ही झाली मर्यादा. पण वाटेत माउली भेटली की दोघेही वाकतात, एकमेकांच्या पायांस हात लावतात, उराउरी भेटतात. परका होता तो क्षणात जिवलग होतो.

दुसरे अंतर लादलेले असते. चोखोबारायांची समाधी महाद्वाराबाहेर नामदेव पायरीजवळ आहे. तेथून गाभारा काही पावलांवर. पण अस्पृश्य मानलेल्या बांधवांस ती पावले टाकावयास शतके लागली. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा कुठे मंदिराचे दार त्यांस उघडले.

पुढे २०२० साली साथ आली. पायी वारी थांबली, पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या. बंद झालेले पदस्पर्शदर्शन २०२२ च्या गुढीपाडव्यास पुन्हा सुरू झाले. तेव्हाही आपण दूर राहिलो. पण दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून.

तेव्हा वाचकहो, कसोटी एवढीच की अंतर कोणासाठी ठेवले? दुसऱ्याच्या सुखासाठी असेल तर ती मर्यादा. आपल्या मोठेपणासाठी असेल तर तो विटाळ, आणि तो आपल्याच मनाचा. दर्शनबारीत पुढच्यास रेटू नये, माताभगिनींस मोकळी जागा द्यावी. पंगतीत मात्र शेजारी कोण बसला हे पाहून पान सरकवू नये.

आणि घरचे काय? ओसरीवर म्हातारे आईबाप बसलेले असतात. ताट वेळेवर मिळते, पण जवळ कोणी टेकत नाही. पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत होता, म्हणून प्रत्यक्ष देव विटेवर थांबला, मध्ये आला नाही. त्या देवाचे दर्शन घेऊन परतल्यावर आपण आधी ओसरीवर जाऊन बसावे, त्यांचे पाय चेपावे, दोन शब्द बोलावे. वारी तेथे पुरी होते.

रामकृष्णहरि.